‘बेबी ब्लॅक्स’: सहा जगज्जेतेपदे आणि मध्येच लागलेली ओहोटी

न्यूझीलंडचा 20 वर्षांखालील रग्बी संघ म्हणजे ‘बेबी ब्लॅक्स’. थोरल्या ‘ऑल ब्लॅक्स’चे, म्हणजे देशाच्या मुख्य संघाचे, हे धाकटे भावंड. जागतिक स्पर्धेची सहा विजेतेपदे या संघाच्या नावावर आहेत आणि इतकी दुसऱ्या कुणाकडेच नाहीत. पण त्यातली पहिली चार ओळीने आली, शेवटचे 2017 मध्ये, आणि त्यानंतर हा संघ दोनदा चक्क सातवा आला. हे कसे घडले, ते पाहायला थोडे मागे जावे लागते.

2008 च्या आधी जागतिक पातळीवर दोन वेगळ्या स्पर्धा होत्या, एक 19 वर्षांखालील आणि दुसरी 21 वर्षांखालील खेळाडूंची. न्यूझीलंड दोन्हीकडे तगडे होते. 2003 आणि 2004 मध्ये 21 वर्षांखालील गटात ते जिंकले आणि 2007 मध्ये बेलफास्टला 19 वर्षांखालील गटातही. त्यानंतर आंतरराष्ट्रीय मंडळाने दोन्ही स्पर्धा गुंडाळल्या आणि 20 वर्षांखालील एकच स्पर्धा सुरू केली. तिच्या यजमानपदाचा पहिला मान वेल्सला मिळाला.

स्वान्सीला झालेल्या त्या पहिल्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडने इंग्लंडला 38-3 असे धुतले. मग 2009 मध्ये जपानमध्ये पुन्हा इंग्लंड, 2010 मध्ये अर्जेंटिनात ऑस्ट्रेलिया (62-17, अंतिम सामना म्हणायचा की सराव, असा प्रश्न पडावा) आणि 2011 मध्ये इटलीत तिसऱ्यांदा इंग्लंड. चार स्पर्धा, 20 सामने, 20 विजय. यातल्या पहिल्या तीन संघांचे प्रशिक्षक होते डेव्ह रेनी.

या संघाची खरी कमाई मात्र करंडकांच्या कपाटात नाही. 2008 च्या संघातले सॅम व्हाइटलॉक आणि ॲरन स्मिथ, 2010 चा ज्युलियन सावेआ, 2011 चे ब्रोडी रेटॅलिक, सॅम केन आणि बोडन बॅरेट हे सगळे 2015 च्या विश्वविजेत्या ऑल ब्लॅक्स संघात होते. रेटॅलिक 2014 मध्ये आणि बॅरेट 2016 व 2017 मध्ये जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. आपल्याकडे 19 वर्षांखालील क्रिकेट विश्वचषकाकडे जसे ‘पुढचा कोण’ म्हणून पाहतात, तसेच तिथे या संघाकडे पाहतात.

ॲरन क्रुडेनची कहाणी तर वेगळीच. 2008 मध्ये, जेमतेम एकोणीस वर्षांचा असताना त्याला वृषणाचा कर्करोग झाल्याचे कळले. उपचार घेऊन तो उठला आणि पुढच्याच वर्षी जपानमध्ये कर्णधार म्हणून करंडक उचलला, वर स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही ठरला. थोरल्यांच्या 2011 च्या विश्वचषकात डॅन कार्टर जायबंदी झाला तेव्हा अंतिम सामन्यात 10 क्रमांकाची, म्हणजे संघाचा खेळ चालवणाऱ्याची, जर्सी याच क्रुडेनच्या अंगावर होती. गुडघा दुखावल्याने त्याला अर्ध्यातून बाहेर जावे लागले, पण न्यूझीलंडने फ्रान्सला 8-7 असे कसेबसे हरवले.

ओहोटीची पहिली खूण 2012 मध्ये दिसली. आदल्या वर्षी वेल्सच्या पोरांना याच संघाने 92-0 असे चिरडले होते. दक्षिण आफ्रिकेतल्या त्या स्पर्धेत गटसाखळीतच वेल्सने न्यूझीलंडला 9-6 असे हरवले. रग्बीत ट्रायला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवण्याला) पाच गुण, पेनल्टी किंवा ड्रॉप गोलला तीन. म्हणजे आकडाच सांगतो की त्या दिवशी एकही ट्राय झाला नाही, सगळा खेळ लाथेवर निघाला. स्पर्धेच्या इतिहासातला न्यूझीलंडचा हा पहिला पराभव. तरीही ते अंतिम फेरीत पोहोचले आणि केपटाउनला यजमानांकडून 22-16 ने हरले.

पुढच्या दोन वर्षी इंग्लंड विजेते झाले. 2014 मध्ये तर स्पर्धा न्यूझीलंडमध्येच होती, तरी घरचा संघ तिसरा. 2015 मध्ये स्कॉट रॉबर्टसन (हेच पुढे ऑल ब्लॅक्सचे प्रशिक्षक झाले) यांच्या संघाने क्रेमोनाला इंग्लंडला 21-16 ने नमवले आणि 2017 मध्ये तिबिलिसीला 64-17 असा जुन्या थाटाचा विजय मिळाला. पण 2016 मध्ये पाचवे, 2018 मध्ये चौथे, 2019 आणि 2023 मध्ये सातवे. त्या 2019 च्या स्पर्धेत वेल्सनेच पुन्हा घात केला, तोही 8-7 अशा गुणांनी.

न्यूझीलंडमधली पोरे बिघडली, असे म्हणण्यात काही अर्थ नाही. बदलले ते इतरांचे घर. युरोपातल्या सहा देशांचे 20 वर्षांखालील संघ दरवर्षी ‘सिक्स नेशन्स’मध्ये एकमेकांशी पाच-पाच सामने खेळून, तावून-सुलाखून जागतिक स्पर्धेला येतात. इंग्लंडच्या क्लबांच्या अकादमी आहेत. फ्रान्समध्ये स्वतःच्या देशात घडलेले ठरावीक खेळाडू संघात ठेवण्याचे बंधन क्लबांवर आले, आणि 2018, 2019 व 2023 अशी लागोपाठ तीन विजेतेपदे फ्रान्सने नेली. मधली तीन वर्षे महासाथीमुळे स्पर्धाच झाली नव्हती. न्यूझीलंडची मदार मात्र शाळांच्या ‘फर्स्ट फिफ्टीन’वर, म्हणजे शाळांच्या मुख्य संघांवर. शालेय रग्बी तिथे जबरदस्त आहे, सामने टीव्हीवर दिसतात. पण शाळा सुटल्यावर विशीच्या आत देशाच्या जर्सीत कसदार सामने मिळायचे ते थोडेच. 2015 पासून ओशनिया स्पर्धा होती खरी, पण ती प्रामुख्याने ऑस्ट्रेलियाशी झुंज. दक्षिण आफ्रिका आणि अर्जेंटिनाला सोबत घेऊन 20 वर्षांखालील ‘रग्बी चॅम्पियनशिप’ सुरू व्हायला 2024 उजाडले. माझ्या मते हा उशीरच महागात पडला.

ती पहिली चॅम्पियनशिप न्यूझीलंडने जिंकली, त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत तिसरे आले आणि 2025 मध्ये इटलीत थेट अंतिम फेरीत. रोव्हिगोला दक्षिण आफ्रिकेने त्यांना 23-15 ने रोखले. 2026 ची स्पर्धा जॉर्जियाकडे देण्यात आली.