मनाली-लेह ग्रुप ड्राइव्ह: कोण येऊ शकतं, कागद कुठले लागतात, परमिट कुठे हवं आणि कुठे नको

मे महिना आला की मला ठरलेले चार प्रश्न येतात. ग्रुपने जायला परवानगी कुठून काढायची, रोहतांगचं परमिट लागतं का, लडाखचं आयएलपी (इनर लाइन परमिट, सीमेजवळच्या भागात जायची परवानगी) बंद झालं ना, आणि गाडी बाबांच्या नावावर आहे तर चालेल का. प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळलो, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. थोडं लांबलंय, पण अर्धवट वाचून परत मेसेज करू नका.

आधी सगळ्यात मोठा गैरसमज. आठ-दहा खाजगी गाड्या मिळून डोंगरात फिरायला निघाल्या म्हणून मोटार वाहन कायद्यात 'ग्रुप ड्राइव्ह परवाना' असा काही वेगळा फॉर्म नाहीये, प्रत्येक गाडी आपापल्या कागदांवर रस्त्यावर असते. पण त्याच गाड्यांना तुम्ही घड्याळ लावलंत, पहिला-दुसरा काढलात, की ती सहल राहत नाही. राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर कलम १८९ लागतं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, परत सापडलात तर वर्षभरापर्यंत कैद किंवा दहा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्यांना स्पर्धाच करायचीय त्यांच्यासाठी एफएमएससीआय या मोटर स्पोर्ट्सच्या राष्ट्रीय संघटनेचं परमिट आणि स्थानिक प्रशासनाची परवानगी असा सरळ वेगळा मार्ग आहे, तो या लेखाचा विषय नाही.

आता लोक म्हणतात, दंडाचं बघू रे, पकडतंय कोण. ठीक आहे. मग घरी जा, आपली कार पॉलिसी उघडा आणि 'लिमिटेशन्स ॲज टू यूज' असं लिहिलेला छोटा चौकोन शोधा. बारीक अक्षरात असतो, कुणी वाचत नाही. तिथे लिहिलेलं असतं की गाडी भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापरली, संघटित शर्यत, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल यात वापरली तर पॉलिसी लागू नाही. म्हणजे तुमच्या ग्रुपच्या पोस्टरवर कुणी हौसेने 'मनाली टू लेह चॅलेंज, बघू कोण आधी पोचतो' असं छापलं आणि त्याच ट्रिपमध्ये एकाची गाडी दरीच्या कडेला आपटली, तर क्लेम नाकारायला कंपनीच्या हातात तुम्हीच कागद दिलात. मी स्वतः एकदा असं पोस्टर शेवटच्या क्षणी मागे घ्यायला लावलंय, करणारा पोरगा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, पण ते असो. पैशाचंही तसंच. डिझेल-पेट्रोल, हॉटेल वाटून घ्या, पण कुणाच्या खाजगी गाडीत सीट विकू नका, ते मोबदल्यात मोडतं.

आता पात्रता. ही सरकारची नाही, आमच्या ग्रुपची आहे, पण यातली बरीचशी कायद्यावरूनच आलीय.

पक्कं लायसन्स हवं, लर्निंगवाल्याला गाडी चालवायला देत नाही, बाजूच्या सीटवर बसा आणि मजा करा. घाटात चालवायचा आधीचा अनुभव हवा, हायवेवर दीडशेने पळवलेली गाडी हा अनुभव धरत नाही. गाडी खाजगी नोंदणीची, पांढऱ्या पाटीची. सेल्फ ड्राइव्हवाली काळी पाटी घेऊन येतो म्हणणारे दर वेळी एक-दोघं असतातच, त्यांना आधीच सांगतो की बाहेरून आणलेल्या भाड्याच्या गाड्या लेहच्या आसपास फिरवायला तिथली टॅक्सी युनियन विरोध करते, गाड्या अडवतात, आणि तुमच्या एका गाडीपायी सगळा ताफा उन्हात उभा राहतो.

मॉडिफिकेशनवाल्यांनी हा भाग नीट वाचा, कारण कारवेड्यांच्या ग्रुपात निम्मे तेच. पुढचा क्रॅश गार्ड किंवा बुल बार काढून या, केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय. आरसीवर जे आहे त्यापेक्षा गाडीच्या मूळ रचनेत फरक केला तर कलम ५२ आड येतं आणि मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. छतावरची लाइट बार, फुटका आवाज करणारा एक्झॉस्ट, बाहेर आलेले टायर, हे सगळं फोटोत भारी दिसतं आणि चेकपोस्टवर पहिलं तेच दिसतं.

कागदपत्रं. आरसी, लायसन्स, इन्शुरन्स, पीयूसी, आणि गाडीतल्या प्रत्येकाचं आधार किंवा मतदार ओळखपत्र. डिजिलॉकर आणि एम-परिवहनमधले कागद कायद्याने चालतात, केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १३९ मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूप स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे कुणी 'ओरिजिनलच दाखवा' म्हणून अडून बसलं तर घाबरू नका. पण वाटेतल्या दारचा गावाच्या पुढे नेटवर्कच नसेल तर ॲप उघडणार कसं, म्हणून पीडीएफ डाउनलोड करून ठेवा आणि झेरॉक्सचे चार-पाच सेट डॅशबोर्डमध्ये टाका. चेकपोस्टवर कागद द्यावे लागतात, दाखवून भागेलच असं नाही.

पीयूसीवर सगळ्यात जास्त लोक अडकतात. नवीन गाडीला पहिलं वर्ष लागत नाही, मग बीएस-४ आणि बीएस-६ (धुराची नवी मानकं) गाडीचं सर्टिफिकेट वर्षभर चालतं, त्याच्या आधीच्या गाड्यांचं फक्त सहा महिने. आणि रोहतांगच्या फॉर्ममध्ये पीयूसीची माहिती लागते, तेव्हा मनालीला पोचल्यावर रात्री अकरा वाजता लक्षात आलं की ते परवा संपलंय, तर सकाळचं परमिट गेलंच म्हणून समजा. आमच्यातल्या एकाचं नेमकं असंच झालं. बाकीच्या पाच गाड्या वर गेल्या आणि हा पठ्ठ्या पीयूसी सेंटर उघडायची वाट बघत बाजारात चहा पीत बसला.

गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल, बाबांच्या, बायकोच्या, मित्राच्या, तर चालवायला हरकत नाही, फक्त मालकाचं सही केलेलं संमतीपत्र आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा, कुणी विचारलंच तर गाडी चोरीची नाही हे एका मिनिटात कळतं. एक मात्र ध्यानात घ्या, पॉलिसीतलं ते १५ लाखांचं ओनर-ड्रायव्हर वैयक्तिक अपघात कव्हर नोंदणीकृत मालक स्वतः चालवत असेल तरच लागू होतं. बाबांची गाडी तुम्ही चालवताय म्हणजे ते तुमच्यासाठी नाही. वेगळा अपघात विमा काढा, फार महाग नसतो.

आता परमिट, ज्यासाठी बहुतेक जण इथे आलेत.

लेहला अटल बोगद्यातून जायचं असेल तर रोहतांगचं परमिट लागत नाही. परत लिहितो, लागत नाही. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला आणि मनाली-केलाँगमधलं ४६ किलोमीटर अंतर कमी झालं, तुम्ही खिंडीच्या खालून निघून जाता. आत थांबायचं नाही, ओव्हरटेक नाही, फोटोसाठी खिडकीतून बाहेर निघायचं तर मुळीच नाही, असल्या नाचगाण्यापायी पर्यटकांना अटक झालेली आहे.

परमिट लागतं ते ३,९७८ मीटरवरच्या खऱ्या रोहतांग खिंडीवर गाडी न्यायला. राष्ट्रीय हरित लवादाने दिवसाला १,२०० गाड्यांची मर्यादा घातलीय, त्यात ८०० पेट्रोल आणि ४०० डिझेल. म्हणजे ग्रुपात डिझेलवाले जास्त असतील तर तुमची अडचण पेट्रोलवाल्यांपेक्षा मोठी, एकत्र सगळ्यांना एकाच दिवशी मिळेलच याची खात्री धरू नका. दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी चालत नाही. मंगळवारी रस्त्याच्या देखभालीसाठी खिंड पर्यटकांना बंद असते, आणि दर वर्षी कुणीतरी प्लॅन मंगळवारचाच करतो.

अर्ज ऑनलाइन, कुल्लू जिल्हा प्रशासनाच्या परमिट साइटवर. गाडीगणिक एक अर्ज, ग्रुपचा असा एक अर्ज होत नाही. गाडी नंबर, इंधन, पीयूसी, ड्रायव्हरचं लायसन्स, तारीख, माणसं किती, हे भरायचं, कारला ५०० रुपये परमिटचे आणि ५० रुपये गर्दी शुल्काचे भरायचे, प्रिंट काढायची. परमिट त्याच गाडीचं आणि त्याच दिवसाचं. आमच्या एकाने गाडी नंबरात शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकला होता, वाटेतल्या गुलाबा गावच्या बॅरियरवर स्कॅनिंगला नंबर जुळेना, मागे रांग, हॉर्न, शेवटी त्याला बाजूला घेतलं. तेव्हापासून आमच्यात नियम आहे, पैसे भरायच्या आधी फॉर्मचा स्क्रीनशॉट दुसऱ्या माणसाला पाठवायचा, त्याने आरसी समोर धरून एकेक अक्षर वाचायचं, मग पेमेंट. कंटाळवाणं आहे पण दोन मिनिटांचं काम.

लडाखचं म्हणाल तर ऑगस्ट २०२१ पासून भारतीय नागरिकांना नुब्रा, पँगाँग वगैरे भागांसाठी इनर लाइन परमिट लागत नाही. पण म्हणून काहीच लागत नाही असंही नाही, लेहच्या साइटवर पर्यावरण शुल्क भरून त्याची पावती प्रिंट करून ठेवायची, चेकपोस्टवर ती बघतात. ग्रुपात कुणी ओसीआय कार्डवालं (भारतीय वंशाचं परदेशी नागरिक) किंवा परदेशी पासपोर्टवालं असेल तर त्याला हे लागू नाही, त्याला प्रोटेक्टेड एरिया परमिट लागतं आणि ते नोंदणीकृत ट्रॅव्हल एजंटामार्फत काढावं लागतं. अमेरिकेतून आलेला चुलतभाऊ घेऊन येणाऱ्यांनी हे महिनाभर आधी सांगा, खारदुंगला जायच्या आदल्या रात्री नको.

वॉकीटॉकी. हे कागदपत्रांच्या यादीत कुणीच धरत नाही. ताफ्यात ती हवीच, वळणापलीकडून ट्रक येतोय हे मागच्याला सांगायला फोन कामाचा नाही, पण ऑनलाइन दिसेल तो स्वस्त सेट उचलू नका. बिनपरवाना वापरायला ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा कमी ताकदीचा पट्टा मोकळा आहे, सेट त्याच पट्ट्यातला आणि दूरसंचार खात्याची मान्यता असलेला घ्या, त्याचं बिल जवळ ठेवा. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर तर परवानगीशिवाय आणूच नका, परदेशात सर्रास मिळतात म्हणून इथे चालतात असं नाही, आणि सीमेजवळ असलं काही सापडलं तर पुढची बोलणी वेगळ्याच खोलीत होतात. फोनचं सिम पोस्टपेड हवं, बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिमं लडाखमध्ये चालत नाहीत.

आमचा ग्रुपचा फॉर्म एक पानाचा आहे. नाव, रक्तगट, घरच्या एका माणसाचा नंबर, दमा-रक्तदाब-हृदयाचं काही असेल तर ते खरं खरं, गाडीचा नंबर, पॉलिसी आणि पीयूसी संपायची तारीख, शेवटची सर्व्हिस कधी झाली, ब्रेक पॅड कधी बदलले. आणि खाली तीन ओळी, ज्यावर सही लागते: ताफ्यात ओव्हरटेक करणार नाही, लीड गाडीच्या पुढे जाणार नाही, डोंगर उतरताना गाडी न्यूट्रल करणार नाही. तिसऱ्या ओळीवर हसतात लोक. पण मायलेजसाठी न्यूट्रलमध्ये उतरवणारे अजून आहेत, आणि पंधरा मिनिटं नुसत्या ब्रेकवर उतरलं की जळका वास येतो, पेडल मऊ लागायला लागतं आणि मग पुढच्या वळणाला काय होणार ते तुमच्या हातात राहत नाही. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा.

कागद निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तपासतो, सकाळी नाही. सकाळी सगळ्यांना घाई असते, आणि एकाला घरी पाठव म्हणायची हिंमत होत नाही. एका तुकडीत पाचच गाड्या, सहावी आली की दोन तुकड्या करतो, कारण दहा गाड्यांची माळ अरुंद रस्त्यावर लागली की मागच्या लष्कराच्या ताफ्याला आणि ट्रकवाल्यांना पुढे जायला जागाच राहत नाही. लीडला सगळ्यात अनुभवी माणूस, शेवटच्या गाडीत दुसरा अनुभवी, टो दोरी, एअर पंप आणि प्रथमोपचार त्याच्याकडे. सगळ्यात हळू चालवणारा लीडच्या लगेच मागे, म्हणजे वेग आपोआप त्याचा राहतो. अरुंद ठिकाणी चढणाऱ्या गाडीला आधी वाट, उतरणाऱ्याने थांबायचं, हा शिष्टाचार नाही, नियमच आहे.

मुक्कामाचं फक्त एक. पहिल्याच रात्री सरचूला झोपायचा हट्ट करू नका, तिथे उंची चार हजार मीटरच्या वर आहे, निम्मा ग्रुप डोकं धरून बसतो. जिस्पाला थांबा. उंचीवरच्या गोळ्या डॉक्टरला विचारून, व्हॉट्सॲपवर विचारून नाही.

टाकी केलाँगच्या अलीकडे तांदीला भरून घ्या, 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' असं सांगणारा तो प्रसिद्ध बोर्ड तिथलाच. दारच्याच्या पोलीस चेकपोस्टवर गाडी आणि माणसांची नोंद होते, प्रत्येक ड्रायव्हरने स्वतः उतरून करायची, लीडने सगळ्यांची करून टाकली असं नको, कारण नंतर कुणाला शोधायची वेळ आली तर पोलिसांकडे तेच रजिस्टर असतं. शेवटच्या गाडीची नोंद झाली की घरच्यांना एकच मेसेज, किती गाड्या, किती वाजले, आजचा मुक्काम कुठे. त्यापुढे नेटवर्क धरूच नका.