विवराच्या काठावर घात करते ते पाणी

३ डिसेंबर २०२३ रोजी इंडोनेशियात, पश्चिम सुमात्रातील मारापी ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा डोंगरावर सुमारे ७५ गिर्यारोहक होते. त्यांतले २४ जण जिवंत परतले नाहीत. अशी बातमी आली की एक प्रश्न हमखास कानावर येतो: लाव्हा येताना दिसला असेलच ना, मग पळता कसे आले नाही?

या प्रश्नातच चूक आहे. बहुतेक लाव्हाप्रवाह उतारावरून इतके सावकाश सरकतात की धडधाकट माणूस नुसता चालत त्यांच्यापुढे राहू शकतो. मारापीवर माणसे गेली ती उडालेल्या दगडांनी आणि तप्त राखेने. जपानच्या ओन्ताकेवर २७ सप्टेंबर २०१४ रोजी ६३ जण मरण पावले किंवा बेपत्ता झाले. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी ४७ जण होते, त्यांतले २२ दगावले. या दोन्ही ठिकाणी लाव्हाचा ओघळ कोणाच्या दिशेने आलाच नव्हता. डोंगराला उडवले ते वाफेने. शास्त्रज्ञ अशा उद्रेकाला फ्रिॲटिक उद्रेक म्हणतात, आपण बाष्पस्फोट म्हणू. जागृत ज्वालामुखीच्या विवरापर्यंत चालत जाणाऱ्याने एवढी एक गोष्ट नीट समजून घेतली, तर बाकीची पथ्ये त्याला पाठ करावी लागत नाहीत.

विवराच्या तळाखाली पाणी असते. पावसाचे, वितळलेल्या बर्फाचे, बेटावर असेल तर थोडेफार समुद्राचेही. ते भेगाळलेल्या खडकात मुरते आणि खालून येणाऱ्या गरम वायूंनी तापते. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते हे आपण शाळेत शिकलो, पण ते समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाखाली. दाब वाढला की उत्कलनबिंदूही वर सरकतो. प्रेशर कुकरमध्ये दाब साधारण दुप्पट असतो, म्हणून तिथले पाणी १२० अंशांपर्यंत तापते. पाण्याने भरलेल्या खडकात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका, वाढतो. १०० मीटरच्या आसपास तो दहापट होतो आणि तिथे पाणी १८० अंशांना पोहोचल्याशिवाय उकळत नाही. दाब वीसपट असेल तर २१२ अंश, पन्नासपट असेल तर २६४.

आता या १८० अंशांच्या पाण्यावरचा दाब एकाएकी निघून गेला, तर काय होईल? उघड्या हवेत १०० अंशांपेक्षा गरम पाणी द्रवरूपात टिकू शकत नाही. वरचे ८० अंश त्याला कुठेतरी टाकावेच लागतात आणि ते टाकायची एकच वाट असते, स्वतःचाच काही भाग वाफेत बदलणे. हिशेब सोपा आहे. एक किलो पाणी १८० वरून १०० अंशांवर येताना सुमारे ३४५ किलोज्यूल उष्णता सोडते. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात. म्हणजे किलोभर पाण्यातले १५० ग्रॅम वाफ होते. आकडा छोटा वाटतो, पण ही वाफ जागा मागते २५० लिटर! सव्वा लिटरहूनही कमी जागेत मावणाऱ्या पाण्याला अचानक २५० लिटर जागा लागते आणि ती त्याला खडक फोडूनच मिळते.

यातली सर्वांत महत्त्वाची बाब सहज नजरेतून सुटते. या स्फोटाला त्या क्षणी बाहेरून उष्णता लागत नाही. चुलीवर पाणी उकळायला वेळ लागतो, कारण उष्णता हळूहळू आत शिरते. इथे ती पाण्याच्या कणाकणात आधीच भरून ठेवलेली असते, अडवलेली असते ती फक्त दाबाने. म्हणून खालून नवा शिलारस यावा लागत नाही. झाकण निघाले की पुरे.

हे झाकण ज्वालामुखी स्वतःच बनवतो. विवराखालून वर येणारे वायू पाण्यात मिसळून आम्ल होतात. ते आम्ल कठीण खडकातले फेल्डस्पार नावाचे खनिज कुजवून त्याची चिकणमाती करते, आणि चिकणमाती भेगा लिंपून टाकते. पाणी वर येताना थंड होते, तशी त्यात विरघळलेली सिलिका भेगांच्या भिंतींवर थराथराने बसते. शिवाय गंधक असतो, आणि त्याचे वागणे तर फारच विलक्षण. तो ११५ ते १२० अंशांच्या दरम्यान वितळतो आणि पातळ, पिवळा, सहज वाहणारा द्रव होतो. कोणताही द्रव तापवला की आणखी पातळ व्हावा अशी आपली अपेक्षा असते. गंधक १५९ अंशांना नेमके उलटे करतो. त्याच्या रेणूत आठ अणूंचे कडे असते. या तापमानाला कडी तुटतात, तुटलेली टोके एकमेकांना जोडली जातात आणि लांबच लांब साखळ्या तयार होतात. साखळ्यांचा गुंता झाला की द्रव हजारो पटींनी दाट होतो, सुमारे १९० अंशांच्या आसपास तर सर्वांत दाट. निसर्गातल्या अशुद्ध गंधकात हा बदल इतका टोकाचा नसतो, विरघळलेला हायड्रोजन सल्फाइड त्याला बराच पातळ ठेवतो. तरीही वाफेच्या वाटेत गंधक साचला तर वाट अरुंद होते, आणि थिजला तर बूच बसते.

बूच बसलेले विवर बाहेरून कसे दिसते? शांत. वाफ कमी झालेली, वास कमी झालेला, फोटोला आकाश मोकळे. खाली दाब आणि तापमान मात्र वाढत असते. कुकरची शिटी चोंदली की आवाज थांबतो, त्या वेळी आपण कुकरजवळ थांबत नाही. निकाराग्वातील तेलिका ज्वालामुखीवर २०११ मध्ये झालेल्या ५० स्फोटांच्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या. त्यांतल्या ४८ स्फोटांच्या आधी भूकंपमापकावर शांतता होती, कधी काही मिनिटांची तर कधी काही तासांची. सर्वांत लांब शांतता ६१९ मिनिटांची होती आणि सर्वांत मोठा स्फोट तिच्याच पाठोपाठ झाला. सगळे ज्वालामुखी तेलिकासारखे वागत नाहीत, पण ‘आज डोंगर शांत आहे’ हा वर चढण्याचा परवाना नाही, एवढे यातून नक्की कळते.

बूच निघायला निमित्त छोटे पुरते. खालून वायूचा जादा लोंढा आला, विवरातल्या तळ्याची पातळी घटली किंवा कडा ढासळला, तरी चालते. न्यूझीलंडमधल्या टोंगारीरो ज्वालामुखीच्या ‘ते मारी’ नावाच्या विवरापाशी ६ ऑगस्ट २०१२ च्या रात्री दरड कोसळली, खालच्या तापलेल्या पाण्यावरचे ओझे हलके झाले आणि स्फोट झाला. दगडांनी पायवाटेवरच्या निवाऱ्याचे छप्पर फोडले. मध्यरात्रीला काही मिनिटे कमी होती आणि दिवस हिवाळ्याचे होते, म्हणून कोणी गेले नाही. ओन्ताकेवर हाच प्रकार शनिवारी सकाळी ११ वाजून ५२ मिनिटांनी झाला, तोही पाने रंगण्याच्या हंगामात, शिखरावर गर्दी असताना. मृतांच्या आकड्यांतला फरक बऱ्याच अंशी घड्याळाने केला.

मग यंत्रे काय करतात? शिलारस वर चढत असेल तर तो खोलवरचे खडक फोडत येतो. भूकंपांची रांग लागते, डोंगर फुगतो, सल्फर डायऑक्साइड वाढतो. दिवस-आठवडे आधी सुगावा लागण्याची बरीच शक्यता असते. वाफेचे बूच मात्र काहीशे मीटर खोलीवर असते आणि त्याचा विस्तारही लहान, त्यामुळे फुगवटा मोजण्याजोगा होतो तो अगदी शेवटी. सल्फर डायऑक्साइड तर वाटेतल्या पाण्यातच विरघळतो, मापकापर्यंत पोहोचतच नाही. ओन्ताकेखाली १० आणि ११ सप्टेंबरला छोटे भूकंप वाढले होते, नंतर ते कमी झाले. उद्रेकाच्या दिवशी सलग कंपन सुरू झाले ते ११ मिनिटे आधी, उतार फुगताना दिसला तो सात मिनिटे आधी. तेवढ्या वेळात शिखरावरची माणसे खाली आणता येत नाहीत.

म्हणून इशाऱ्याची पातळी वाचताना सावध असावे. ओन्ताके त्या दिवशी पाच पातळ्यांपैकी सर्वांत खालच्या पातळीवर होता आणि तिचे नाव ‘सर्वसाधारण’ असे होते. पुढे जपानने ते नाव बदलून ‘हा जागृत ज्वालामुखी आहे याचे भान ठेवा’ अशा अर्थाचे केले. हा बदल मला अतिशय योग्य वाटतो. मारापी २०११ पासून चारपैकी दुसऱ्या पातळीवर होता आणि विवरापासून तीन किलोमीटरच्या आत जाऊ नये अशी सूचना होती. पातळी डोंगराची आजची अवस्था सांगते, दुपारी काय होईल ते सांगत नाही.

ही पोकळी भरायला मग भलतेच काही पुढे येते. पौर्णिमा, ग्रहांची युती, पक्षी उडून गेले की डोंगर फुटणार, देवाचा कोप झाला की फुटणार. खालच्या बुचावरचा दाब यांतल्या कशानेही मोजता येत नाही. दुसरीकडे इंटरनेटवर इंडोनेशियातल्या इजेन ज्वालामुखीचा ‘निळा लाव्हा’ फिरत असतो. निळा लाव्हा जगात कुठेही नाही. इजेनच्या विवरात तप्त गंधकवायू हवेशी संयोग पावून पेट घेतात, त्या ज्वाळा निळ्या दिसतात आणि त्यांतून सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. ज्या दृश्याच्या जवळ जायला लोक धडपडतात, तेच फुप्फुस भाजणाऱ्या वायूचा उगम असते.

विवरापर्यंत जायचेच असेल, तर धोका कमी करण्याचे सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे तिथला वेळ कमी करणे. स्फोट कधी होणार हे ठाऊक नसेल, तर काठावर दोन तास बसणाऱ्याची जोखीम वीस मिनिटांत परतणाऱ्याच्या सहापट असते. विश्रांती, खाणे, कपडे बदलणे हे सगळे काठापासून दूर, खाली उरकावे. काठावर जमणारे घोळके पाहिले की काळजी वाटते ती याचसाठी.

दगडांचेही गणित पाहू. सेकंदाला १०० मीटर वेगाने ४५ अंशांत उडालेला दगड, हवेचा विरोध सोडून दिला तर, सुमारे १४ सेकंदांत एक किलोमीटरवर पडतो. विवरापासून ३०० मीटरवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत त्याच वेगाचा दगड दोन वाटांनी येतो. कमी कोनात उडालेला तीन सेकंदांत पोहोचतो, जवळजवळ सरळ वर गेलेला वीस सेकंदांनी. पहिला मारा संपला म्हणून उठून धावत सुटणारा नेमका दुसऱ्यात सापडतो. स्फोट दिसताच पाठ फिरवून पळू नये. थांबावे, वर पाहावे, आपल्यावर येणारा दगड चुकवावा, जमेल तितक्या लवकर मोठ्या खडकाच्या किंवा बांधाच्या आड विवराकडे पाठ करून उकिडवे बसावे आणि पाठपिशवी डोके-मानेवर घ्यावी. हेल्मेट मुठीएवढ्या दगडाचा मार थोडा सौम्य करते. वीस सेंटिमीटर व्यासाचा दगड दहा किलो भरतो आणि ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येतो, त्याच्यापुढे हेल्मेटचे काही चालत नाही. साध्या लाकडी छपराचेही तेच. म्हणून जपानमध्ये काही निवाऱ्यांच्या छपरांत आता ॲरॅमिड या अतिशय चिवट कृत्रिम धाग्यांचे कापड घातले आहे.

वायूंचे वागणे वेगवेगळे आहे आणि एकच मुखवटा सर्वांवर चालत नाही. सल्फर डायऑक्साइड घसा आणि डोळे लगेच झोंबवतो, म्हणजे निदान कळतो तरी. दम्याच्या रुग्णाला तो दहा लाखांत एक भाग इतका कमी असतानाही त्रास देऊ शकतो. जपानच्या आसो विवरावर याच वायूने पर्यटक दगावले आहेत. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण दहा लाखांत १०० भागांच्या पुढे गेला की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास अचानक बंद झाला तर हवा स्वच्छ झाली असे समजू नये, तडक मागे फिरावे. १९९७ मध्ये जपानच्याच अदातारा ज्वालामुखीच्या विवरात चार पदयात्री याच वायूने गेले. कार्बन डायऑक्साइडला वास नसतो, तो हवेपेक्षा दीडपट जड असल्यामुळे खळग्यांत साचतो आणि गाळणीच्या मुखवट्यातून सरळ आत येतो. आम्लवायू शोषणारी डबी (कार्ट्रिज) असलेला मुखवटा पहिल्या दोघांसाठी उपयोगी, तोही दाढी नसेल आणि चेहऱ्यावर घट्ट बसत असेल तरच. धुळीचा मुखवटा राख अडवतो, वायू अडवत नाही. मुखवटा नसेल तर ओले फडके सल्फर डायऑक्साइड काही प्रमाणात शोषते, बाकीच्यांवर त्याचा भरवसा ठेवू नये. वारा नेहमी आपल्या पाठीकडून विवराकडे वाहत असावा.

काठाची जमीन ही सुट्या राखेच्या आणि दगडांच्या थरांची असते, अनेकदा खालून पोखरलेली. कडेपासून काही मीटर मागे राहावे आणि मळलेली वाट सोडू नये. पांढुरकी, मऊ, वाफाळणारी जमीन म्हणजे वर सांगितलेली तीच चिकणमाती. तिची साय पातळ असते आणि खाली उकळता चिखल असू शकतो.

दगडांपासून वाचायला खळगा बरा आणि वायू साचतो तोही खळग्यातच, असा पेच इथे पडतो. त्याची उकल क्रमात आहे. दगड पडत आहेत तोवर आडोसा धरावा, मारा ओसरला की लगेच उठून डोंगराच्या धारेधारेने उतरावे, ओढ्याच्या पात्रातून नाही. तप्त राखेचा लोट आणि नंतरचा चिखलाचा लोंढा दोन्ही दरीचीच वाट धरतात. राखेच्या ढगात भर दुपारी हातभर अंतरावरचे दिसत नाही, म्हणून डोक्याला बांधायची विजेरी आणि घट्ट बसणारा गॉगल पिशवीच्या तळाशी न ठेवता वरच्या कप्प्यात ठेवावा.