व्हिडिओ नेमका कुठे थांबवायचा?

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांच्या आसपास घुटमळतो. खान्देशातल्या कुठल्याही शाळेत आठवीच्या वर्गाला विचारा, उन्हाळ्यात एवढं का तापतं? बहुतेक हात एकाच उत्तरासाठी वर होतात. अमळनेर-पारोळ्याकडचं पोर ते आपल्या अहिराणी बोलीत सांगतं, "उन्हायामा सूर्य जोडे येस, सर." म्हणजे उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो. उत्तर चुकीचं आहे, पण त्यामागे विचार आहे. चुलीच्या जवळ सरकलं की धग लागते, हे त्यानं रोज अनुभवलेलं असतं. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, तापीकाठच्या गावांत शेकोट्या पेटलेल्या असतात तेव्हा. त्या वेळी दोघांमधलं अंतर साधारण 14 कोटी 71 लाख किलोमीटर असतं. जुलैच्या सुरुवातीला ते 15 कोटी 21 लाखांवर जातं.

आता हाच पाठ वर्गातल्या टीव्हीवर दाखवला जातो. निळी पृथ्वी फिरते, मागे संगीत, निवेदकाचा आवाज गोड. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, म्हणून ऋतू होतात, हे तो स्वच्छ सांगतो. पोरं शांत बसून बघतात. "समजलं?" "हो सर!" आणि दोन दिवसांनी तोच प्रश्न विचारला की सूर्य पुन्हा जवळ आलेला असतो.

यात पोरांचा दोष नाही, शिक्षकांचाही नाही. एक कारण तर पडद्यावरच असतं. अनेक ॲनिमेशनमध्ये पृथ्वीची कक्षा बाजूच्या कोनातून दाखवतात, त्यामुळे ती चांगलीच लांबुळकी दिसते. खरी कक्षा इतकी गोल आहे की वहीच्या पानावर प्रमाणात काढली तर कंपासनं काढलेल्या वर्तुळापासून ती डोळ्यांना वेगळी ओळखू येणार नाही. पोरगं मात्र त्या लांबुळक्या रेघेकडे बघून मनात म्हणतं, बघा, इथे जवळ, तिथे लांब, मी म्हणत होतो तेच खरं. निवेदक अक्षाबद्दल बोलतोय आणि डोळे आपल्या जुन्या समजुतीचा पुरावा गोळा करतायत. हा गोंधळ मोठ्यांचाही आहे. 1987 मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक अशा 23 जणांना ऋतू किंवा चंद्राच्या कला यांचं कारण विचारलं होतं. त्यातल्या 21 जणांच्या उत्तरांत चुकीच्या समजुती होत्या.

दुसरं कारण अधिक खोल आहे आणि डिजिटल वर्ग चालवणाऱ्या प्रत्येकानं ते समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. सोपा, स्पष्ट, देखणा व्हिडिओ बघितला की समजल्याची भावना येते. समजणं आणि समजल्यासारखं वाटणं यांत फार मोठं अंतर असू शकतं. डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठात आपल्या पीएच.डी.साठी (2008) नेमकं हेच तपासलं. भौतिकशास्त्राच्या काही विद्यार्थ्यांना त्यांनी न्यूटनच्या नियमांचा सरळ, नेटका व्हिडिओ दाखवला. विद्यार्थी म्हणाले, छान, सोपा, स्पष्ट. चाचणीत त्यांची प्रगती मात्र नगण्य होती. काहींना तर व्हिडिओनं आपलंच म्हणणं सांगितलं असं वाटलं, जरी व्हिडिओत नेमकं त्याच्या उलट सांगितलेलं होतं. दुसऱ्या गटाच्या व्हिडिओत दोन व्यक्तींचा संवाद होता. त्यात लोकांच्या नेहमीच्या चुकीच्या समजुती आधी बोलून दाखवल्या जात आणि मग त्यांची उलटतपासणी होई. हा व्हिडिओ विद्यार्थ्यांना गोंधळात टाकणारा वाटला, डोक्याला ताण पडला असं ते म्हणाले, आणि गुण त्यांचेच वाढले.

शिकागो विद्यापीठातल्या कार्दास आणि ओब्रायन या संशोधकांचे 2018 मधले प्रयोगही याच बाजूचे आहेत. भांडी मांडलेल्या टेबलावरचं कापड झटक्यात ओढण्याची करामत लोकांना वीस-वीस वेळा दाखवली. बघून बघून आत्मविश्वास भरपूर वाढला. पण डार्ट फेकण्यासारख्या दुसऱ्या करामतींत प्रत्यक्ष चाचणी घेतली, तेव्हा नुसतं बघितल्यानं कौशल्य वाढलेलं दिसलं नाही.

असं का होतं हे कळायला मेंदूच्या एका मर्यादेकडे बघावं लागतं. या क्षणी ज्या गोष्टींवर आपण विचार करतोय त्या धरून ठेवणाऱ्या यंत्रणेला कार्यकारी स्मृती म्हणतात. ॲलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच यांनी 1974 मध्ये तिची रचना मांडली. तिची जागा फार थोडी आहे. नेल्सन कोवन यांच्या 2001 च्या मांडणीनुसार एका वेळी साधारण चार गोष्टी तिथे मावतात. अक्ष, कल, कक्षा, उत्तर गोलार्ध, लंबरूप किरण, तिरपे किरण ही मोजणी केव्हाच चारच्या पुढे गेली. पुस्तकातली आकृती निदान जागेवर थांबते, मागे जाऊन पुन्हा बघता येते. व्हिडिओतलं चित्र सरकून जातं आणि पोरानं ते डोक्यात धरून ठेवावं अशी अपेक्षा असते. रिचर्ड मेयर आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये वीज कशी पडते, गाडीचे ब्रेक कसे लागतात, लाटा कशा उठतात, शौचालयाची टाकी कशी काम करते हे चार विषय निवेदनासह ॲनिमेशनमधून आणि कागदावरच्या साध्या चित्रांतून शिकवून बघितले. कागद कुठेच मागे पडला नाही, निम्म्या चाचण्यांत तर तो पुढेच होता. हातानं करायच्या गोष्टींत, उदाहरणार्थ गाठ मारण्यात किंवा कागदाच्या घड्या घालण्यात, हलतं चित्र सरस ठरतं. म्हणजे कुठल्या पाठाला व्हिडिओ लागतो आणि कुठल्या पाठाला खडू-फळाच चांगला, याचा निर्णय शिक्षकानंच घ्यायचा आहे.

तर मग करायचं काय? व्हिडिओ लावायच्या आधी प्रश्न विचारायचा आणि उत्तरं फळ्यावर लिहायची, चुकीचीही, कुणाला न हसता. "सूर्य जोडे येस" हेही लिहायचं. मग विचारायचं, असं असेल तर आपल्याकडे उन्हाळा असताना ऑस्ट्रेलियात हिवाळा का असतो? वर्गात चुळबुळ सुरू होते. ही चुळबुळ मोलाची आहे, कारण आता पोरं काहीतरी शोधायला व्हिडिओ बघणार असतात. मग दोन-तीन मिनिटं दाखवायचं आणि थांबवायचं. पुढे काय होईल, काबरं, हे बोलू द्यायचं. श्पुनार, खान आणि शॅक्टर यांनी 2013 मध्ये 21 मिनिटांचं एक ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान चार तुकड्यांत दाखवलं. ज्यांना प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी दिली, त्यांचं मन भटकण्याचं प्रमाण इतरांच्या निम्म्याच्या आसपास आलं आणि त्यांच्या लक्षातही जास्त राहिलं.

शेवटी टीव्ही बंद करून वही उघडायची आणि न बघता आकृती काढायची. पुन्हा एकदा व्हिडिओ लावण्यापेक्षा हे जास्त टिकतं. रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 च्या प्रयोगात मजकूर पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर बाजी पलटली, आणि आठवून लिहिणारे पुढे गेले.

आपल्या भागाला ऋतूंच्या पाठासाठी एक मोठी देणगी आहे. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत, जळगाव जवळपास 21 उत्तर अक्षांशावर. म्हणून सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो. धुळे, जळगाव, नंदुरबारला तो दिवस मेच्या अखेरच्या आठवड्यात पडतो. तेव्हा शाळांना सुट्टी असते, आणि जुलैच्या मध्यावर तो परत येतो तेव्हा बहुधा आभाळ भरलेलं असतं. इथे डिजिटल साधन खरं कामाला येतं. स्टेलॅरियम नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात जळगाव निवडायचं, तारीख 22 डिसेंबर, वेळ दुपारी साडेबाराच्या सुमाराची. सूर्य क्षितिजापासून जेमतेम 46 अंश वर दिसतो. मग तारीख मेच्या अखेरीस न्यायची. सूर्य डोक्यावर! डिसेंबरात अंगणात एक मीटरची काठी उभी रोवली तर भर दुपारी तिची सावली जवळजवळ मीटरभर पडते. ही सावली पोरांनी स्वतः टेपनं मोजावी आणि महिन्या-महिन्याला मोजत राहावी. तिरपं ऊन जास्त जमिनीवर पसरतं, म्हणून डिसेंबरच्या दुपारी जमिनीच्या त्याच तुकड्याला डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत 70 टक्क्यांच्या आसपासच ऊन मिळतं. शिवाय दिवसही जेमतेम अकरा तासांचा. जूनमध्ये तो साडेतेरा तासांच्या जवळ जातो. एखादी चुणचुणीत मुलगी इथे विचारेलच, मग जून मेपेक्षा जास्त का तापत नाही? विचारायलाच हवं. जूनमध्ये पाऊस आणि ढग येतात.

भाषेचा मुद्दा खान्देशात टाळून चालणार नाही. तोरणमाळ-धडगावच्या बाजूचं पावरी किंवा भिली बोलणारं पोर, साक्री-शिरपूरकडचं अहिराणी बोलणारं पोर, सगळ्यांसमोर तोच प्रमाण मराठीतला वेगवान व्हिडिओ येतो. कार्यकारी स्मृतीतल्या चारपैकी दोन जागा शब्द उलगडण्यातच खर्ची पडल्या तर विज्ञानाला उरलं किती? मेयर यांच्याच प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली आहे. पाठातले मुख्य शब्द आणि भाग आधी ओळखीचे करून दिले तर पुढचं स्पष्टीकरण जास्त पचतं. तेव्हा आधी पाच मिनिटं बोलीत गप्पा, शब्दांची ओळख, मग व्हिडिओ. काही शिक्षक तर आवाज बंद करून चित्रं दाखवतात आणि निवेदन स्वतः करतात, पोरांच्या बोलीत, पोरांच्या वेगानं. असे शिक्षक मला फार मोठे वाटतात.

जे डोळ्यांना दिसूच शकत नाही, तिथे व्हिडिओला तोड नाही. पेशीचं विभाजन, हृदयाच्या झडपा, ज्वालामुखी. धुळे, साक्री, नंदुरबार या पट्ट्यात काळ्या दगडाच्या लांबच लांब, भिंतीसारख्या सरळ टेकड्या आहेत. पोरं त्यांवर शेळ्या चारतात. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीतल्या भेगांत घुसलेला वितळलेला खडक तिथेच थिजला. आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि या भिंती, भूगर्भशास्त्रात ज्यांना डाइक म्हणतात त्या, उघड्या पडल्या. हवाईतल्या ज्वालामुखीतून जमिनीच्या भेगेतून उसळणाऱ्या लाव्ह्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ दाखवावा आणि दुसऱ्या दिवशी वर्ग त्या टेकडीवर न्यावा. नुसत्या व्हिडिओनं हवाई कळेल, नुसत्या सहलीनं दगड दिसेल. दोन्ही एकत्र आले की आपल्या गावाखाली काय घडलं होतं ते दिसायला लागतं.

साधनांची अडचण खरी आहे, पण ती आता पूर्वीएवढी नाही. 2017 मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' मंचावर पाठांचे व्हिडिओ आहेत, बालभारतीच्या पुस्तकांतला क्यूआर कोड स्कॅन केला की ते उघडतात. कोलोरॅडो विद्यापीठाचे 'फेट' सिम्युलेशन मराठीतही मिळतात. त्यांत पोरं स्वतः बॅटरी-बल्ब जोडतात, लंबकाची दोरी कमी-जास्त करतात. सातपुड्यातल्या वाडीवर रेंज नसेल तर शहाद्यात किंवा तळोद्यात उतरवून पेन ड्राइव्हवर नेता येतं. लाइट गेली तर फळा आहेच, आणि वर सांगितलेला बराचसा भाग तर लाइट नसतानाही होतो.

सर्वांत स्वस्त साधन शिक्षकाच्या खिशातच असतं. मोबाइलचा कॅमेरा सामान्यतः सेकंदाला 30 फ्रेम टिपतो, म्हणजे तो एक उत्तम घड्याळ आहे. अंगणातल्या भिंतीवर खडूनं दर दहा सेंटीमीटरला खूण करा. मोबाइल भिंतीपासून चांगला लांब, सरळ उभा टेकवून ठेवा. ऊन भरपूर असू द्या, अंधुक उजेडात फ्रेमचा वेग कमी होऊ शकतो. एक मुलगा वरून चेंडू सोडेल, दुसरी चित्रण करेल. मग एकेक फ्रेम पुढे सरकवत चेंडू कुठवर आला ते वहीत लिहायचं. सुटल्यापासून तिसऱ्या फ्रेमला तो साधारण 5 सेंटीमीटर खाली असतो, सहाव्या फ्रेमला 20, नवव्या फ्रेमला 44, बाराव्या फ्रेमला 78. पाचनं भागून बघा, 1, 4, 9, 16 यांच्या अगदी जवळचे आकडे येतात, आणि वर्ग संख्या शिकलेला वर्ग ते ओळखतो. मग क्रिकेटचा सीझनचा चेंडू आणि त्याच मापाचा रबरी चेंडू एकदम सोडायचे. आधी कोणता पोचेल? हात मोजून उत्तरं फळ्यावर लिहायची, आणि मगच फ्रेम पुढे सरकवायची.