स्कामिल्ली इम्पारेस

अभिजात (ग्रीक-रोमन) मंदिराच्या जोत्याला मध्यभागी सूक्ष्म फुगवटा देण्याच्या संदर्भात रोमन वास्तुविशारद व्हिट्रूव्हिअस याने वापरलेली लॅटिन संज्ञा. ‘स्काम्नुम’ म्हणजे बाक किंवा पाट. ‘स्कामिल्लुस’ हे त्याचे लघुत्वदर्शक रूप आणि ‘स्कामिल्ली’ हे अनेकवचन. ‘इम्पार’ या विशेषणाचे ‘असमान’ आणि ‘विषम संख्येचा’ असे दोन अर्थ होतात. मराठीत ‘विषम ठोकळे’ म्हटल्यास हे दोन्ही अर्थ राखले जातात. म्हणून येथे तोच पर्याय घेतला आहे.

व्हिट्रूव्हिअसच्या ‘दे आर्किटेक्चुरा’ या दहा खंडांच्या ग्रंथाची रचना सामान्यतः इ. स. पू. ३० ते २० च्या सुमाराची मानतात. त्यात ही संज्ञा दोन ठिकाणी येते. तिसऱ्या खंडाच्या चौथ्या प्रकरणात तो सांगतो, की ज्यावर स्तंभ उभे राहतात ते पीठ (स्टायलोबेट) असे साधावे, की विषम ठोकळ्यांच्या योगे त्याला मध्यभागी भर मिळेल. ते पाणसळीत नेमके सपाट ठेवले, तर डोळ्यांना मध्ये खोलगट दिसेल. पाचव्या खंडात रंगमंदिरामागील स्तंभावलींविषयी लिहिताना तो याच विवेचनाकडे बोट दाखवतो. ठोकळे कसे करावेत, हे तिसऱ्या खंडाच्या शेवटी आकृतीसह देण्याचे आश्वासन त्याने दिले आहे; पण ती आकृती कोणत्याही उपलब्ध हस्तलिखितात नाही. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ या गहाळ आकृतीत आहे.

प्रबोधनकाळातील भाष्यकारांना ग्रीक मंदिरांच्या जोत्याची वक्रता ठाऊक नव्हती. त्यामुळे त्यांनी ‘भर’ हा शब्द बाहेर डोकावणाऱ्या दगडांना लावला. बेर्नार्दिनो बाल्दी याने १६१२ मध्ये या एकाच संज्ञेवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. प्रत्येक स्तंभाखाली पुढे आलेला, पाटासारखा दिसणारा दगड, असा अर्थ त्यात घेतला आहे. हे मत दीर्घकाळ टिकले. मात्र मधला भाग खोलगट दिसू नये, हा मूळ वाक्यातील हेतू अशा दगडांनी साधत नाही. शिवाय तिसऱ्याच खंडात पुढे, पीठाला दिलेल्या भरीला वरच्या तुळयांनीही जुळते उत्तर द्यावे, असे व्हिट्रूव्हिअस म्हणतो. सुट्या बाहेर आलेल्या दगडांना हे लागू पडणे कठीण आहे.

अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या (इ. स. पू. ४४७–४३२) जोत्याची वक्रता जॉन पेनेथॉर्न याच्या १८३७ मध्ये लक्षात आली. फ्रान्सिस पेनरोझ याने १८४६-४७ मध्ये तिची काटेकोर मोजणी केली आणि १८५१ मध्ये ती प्रसिद्ध केली. सुमारे ६९.५ मी. लांबीच्या बाजूंना मध्यभागी जवळपास ११ सेंमी., तर सुमारे ३०.९ मी. रुंदीच्या बाजूंना ६ ते ७ सेंमी. उठाव आहे. हा उठाव पाया खचल्याने आला असावा, असे कार्ल ब्योटिखर याचे मत होते. एर्न्स्ट त्सिलर याने १८६५ मध्ये त्याला उत्तर दिले आणि वक्रता मुळातच योजलेली असल्याचे प्रतिपादिले. आज हेच मत ग्राह्य धरले जाते. कोरिंथच्या अपोलो मंदिरात (सु. इ. स. पू. ५४०) ती याहून आधी आढळते.

वक्रता मान्य झाल्यावर ठोकळ्यांचे काम काय, हा प्रश्न नव्याने उभा राहिला. ते बांधकामाचे अंग नसून आखणीचे साधन होते, ही दिशा एमील ब्यूर्नूफ याने १८७५ मध्ये दाखवली. लांब बाजूची मापे घेऊन वर्तुळाचा कंस मानला, तर त्याची त्रिज्या सुमारे साडेपाच किलोमीटर भरते. इतक्या त्रिज्येचा कंस दोरी फिरवून आखता येत नाही. ठरावीक अंतरांवर उंची मोजूनच तो उतरवावा लागतो. कोपऱ्यांवर सर्वांत उंच आणि मध्याकडे उतरत्या उंचीचे ठोकळे पीठाच्या दगडांवर ठेवले आणि त्यांचे माथे एका पाणसळीत येईपर्यंत दगड तासले, की ठोकळ्यांच्या तळाची रेषा आपोआप वर उचललेली मिळते. ११ सेंमी. उठाव धरला, तर कोपऱ्यावरचा ठोकळा मधल्यापेक्षा ११ सेंमी.ने आणि बाजूच्या पाव लांबीवरचा सुमारे २.७५ सेंमी.ने उंच हवा.

अशा उथळ वक्रात मध्यापासून समान अंतरे घेतली, तर मध्यबिंदूच्या तुलनेत होणारी घट १, ४, ९, १६ या प्रमाणात वाढते आणि लागोपाठच्या घटींतील फरक १, ३, ५, ७ असे विषम संख्यांचे येतात. ‘इम्पार’चा संख्यावाचक अर्थ यातून सुचू शकतो, पण व्हिट्रूव्हिअसच्या वाक्यात त्याला आधार सापडत नाही. ‘असमान उंचीचे’ हाच अर्थ अधिक सरळ वाटतो.

प्रत्यक्ष पुरावा विसाव्या शतकात मिळाला. सिसिलीतील सेजेस्टा येथील मंदिर अर्धवट राहिल्यामुळे त्याच्या जोत्यावरील आखणीच्या खुणा तासून गेल्या नाहीत. तेथे कोरलेल्या लहान फुल्यांवरून डिटर मेर्टेन्स यांनी वक्रता साधण्याची पद्धत १९७४ मध्ये मांडली. डिडिमा (आजचे तुर्कस्तान) येथील अपोलो मंदिराच्या भिंतींवर लोथार हाझेलबेर्गर यांना १९७९ मध्ये बांधकामाची कोरीव रेखाटने सापडली. त्यांतील एकात स्तंभाची रुंदी खऱ्या मापात, तर उंची १६ पटींनी आखडून दाखवली आहे. त्यामुळे स्तंभाचा फुगवटा साध्या वर्तुळकंसाने आखता येतो आणि आडव्या मापांनी दगडावर उतरवता येतो. जोत्याची वक्रताही अशाच आखडलेल्या आकृतीवरून घेत असावेत, हे अनुमान पटण्याजोगे आहे. व्हिट्रूव्हिअसची हरवलेली आकृतीही कदाचित याच धाटणीची असेल. तुर्कस्तानातीलच क्निदोस येथील आरंभीच्या हेलेनिस्टिक (अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक) काळातील एका प्रवेशमंडपाच्या दगडांवरील खुणांचा संबंध हान्सगेओर्ग बांकेल यांनी थेट या संज्ञेशी जोडला आहे.

व्हिट्रूव्हिअसने दिलेले दृष्टिभ्रमाचे कारण सर्वांना मान्य नाही. पावसाचे पाणी वाहून जावे, हा हेतूही सुचवला जातो, पण त्यासाठी एका दिशेचा साधा उतार पुरला असता आणि तुळयांपर्यंत वक्रता नेण्याचे कारण उरले नसते. रोमन वास्तूंतील अशा वक्रतेसाठी इटलीतील कोरी येथील हर्क्युलसच्या मंदिराचे उदाहरण देतात.