अपुरे मातबळ व वेळसमाप्ती

बुद्धिबळात एका खेळाडूची वेळ संपली, पण प्रतिस्पर्ध्याजवळ मात करण्याजोगे बळ उरले नसले, तर डाव बरोबरीत सोडविण्याचा नियम. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या (फिडे) १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमावलीत तो कलम ६.९ मध्ये आहे. ठरलेल्या वेळेत ठरलेल्या चाली पूर्ण न करणारा खेळाडू हरतो. मात्र नियमाला धरून केलेल्या चालींच्या कोणत्याही क्रमाने त्याच्या राजावर मात होणे शक्य नसेल, तर डाव बरोबरीत सुटतो.

या नियमाचे मूळ कोठे शोधावे, याविषयी एकमत नाही. एका मतानुसार ते एकट्या राजाविषयीच्या जुन्या संकेतांत आहे. अरबी शतरंजमध्ये प्रतिपक्षाचे सर्व मोहरे मारून त्याचा राजा एकटा पाडणे हा विजय मानीत. प्रतिपक्षाला लगेचच्या चालीत तसेच करता आले तर बरोबरी होई, मात्र मदिनेत अशा वेळीही पहिल्याचाच विजय धरीत. देशी पद्धतीच्या खेळात ही अवस्था बुर्ज किंवा बुर्जी या नावाने ओळखली जाई आणि तिला बहुधा अर्ध्या विजयाचे मोल असे. तथापि या संकेतांत मोहरे गमावणाऱ्याचे नुकसान होते, तर प्रस्तुत नियमात वेळ गमावणाऱ्याला प्रतिपक्षाच्या दुबळेपणामुळे संरक्षण मिळते. शिवाय वेळेचे बंधन नसताना हा प्रश्न उद्भवतच नाही. अँडरसन व कोलिश यांच्या १८६१ च्या सामन्यात वाळूची घड्याळे वापरली गेली आणि लंडनच्या १८८३ च्या स्पर्धेत दोघांची वेळ वेगवेगळी मोजणारे जोडघड्याळ आले. त्यामुळे नियमाचा उगम त्यानंतरचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्याची आजची व्यापक मांडणी विसाव्या शतकाच्या अखेरची असावी.

नियमाचा कस ‘शक्य’ या शब्दावर लागतो. मात सक्तीने घडविता येते की नाही, हे पाहिले जात नाही. वेळ संपलेल्याने स्वतःहून वाईटात वाईट चाली केल्या तरी मात होऊ शकेल का, एवढेच पाहिले जाते. राजा व हत्ती असलेल्याची वेळ संपली आणि समोर राजा व उंट असेल, तर बरोबरी होते. कारण उंटाने दिलेला शह हत्तीला आड येऊन किंवा उंट मारून नेहमीच मोडता येतो. समोर उंटाऐवजी घोडा असेल, तर मात्र पराभव होतो. काळा राजा एच-१ वर (एच या उभ्या रांगेतील पहिले घर), काळा हत्ती जी-१ वर, पांढरा राजा एच-३ वर आणि घोडा एफ-२ वर, अशी मात पटावर दाखविता येते. हत्तीनेच राजाची वाट अडविलेली असते. हत्तीच्या जागी वजीर असता तर ही मात झाली नसती. म्हणजे वजिराच्या धन्याची बरोबरी होते आणि हत्तीच्या धन्याचा पराभव. हे विचित्र वाटले तरी नियमाशी पूर्णपणे सुसंगत आहे. दोन घोड्यांसमोर एकट्या राजाची वेळ संपली तरी तो हरतो, जरी दोन घोड्यांना ती मात सक्तीने साधता येत नाही.

अमेरिकी बुद्धिबळ महासंघाची भूमिका वेगळी आहे. समोर केवळ एक उंट, एक घोडा किंवा प्याद्याविना खेळणाऱ्यापुढे दोन घोडे असतील आणि मात करण्याचा सक्तीचा मार्ग नसेल, तर तेथे डाव बरोबरीत सुटतो. ही पद्धत व्यवहाराला सोयीची आहे. परंतु ‘सक्तीचा मार्ग’ आहे की नाही हे ठरविण्यासाठी पंचाला स्थितीचे विश्लेषण करावे लागते, म्हणून फिडेची कसोटी अधिक निःसंदिग्ध म्हणावी लागेल. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर व नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्या परंपरेतून भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे यांसारख्या खेळाडू पुढे आल्या. तेथील मान्यताप्राप्त स्पर्धांत फिडेचीच कसोटी लागते. संगणकावर अमेरिकी धर्तीच्या निकालांची सवय झालेल्या नवोदितांना हा फरक आधीच समजावून सांगणे अगत्याचे आहे.

मोहऱ्यांची मोजणी मात्र पुरेशी नाही. दोन्ही बाजूंची प्यादी परस्परांना अडवून भिंत उभी राहिली आणि कोणालाच आत शिरता येत नसले, तर मोहरे कितीही असोत, कलम ५.२.२ नुसार ती मृत स्थिती ठरते व डाव तेथेच बरोबरीत संपतो. एकाच खेळाडूने दुसऱ्यांदा केलेल्या नियमबाह्य चालीबद्दल पराभव घोषित करतानाही, मात अशक्य असल्यास बरोबरी, हाच अपवाद लागू होतो. प्रत्येक चालीला वाढीव वेळ नसलेल्या डावात, संबंधित मार्गदर्शक तत्त्वे लागू असल्याचे आधी जाहीर केले असेल, तर दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरलेला खेळाडू पाच सेकंदांची वाढीव वेळ मागू शकतो. ही मागणी बरोबरीचा प्रस्ताव मानली जाते.