अधिवासनाश व फुलपाखरांचे विलोपन

राहण्या-वाढण्याची जागा गेल्यामुळे एखादी जात कायमची संपणे, म्हणजे अधिवासनाशातून होणारे विलोपन. फुलपाखरांवर ही वेळ लवकर येते. प्रौढ फुलपाखराला मधासाठी पुष्कळ फुले चालतात, पण त्याच्या अळीचे खाणे ठरलेले असते. कित्येक जातींच्या अळ्या एक-दोन वनस्पतींपलीकडे कशालाही तोंड लावत नाहीत.

प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील झर्सीज ब्लूचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या किनारी वाळूच्या टेकड्यांवर राहणाऱ्या या लहानशा निळ्या फुलपाखराचे वर्णन ब्वाद्युव्हाल या फ्रेंच कीटकतज्ज्ञाने १८५२ मध्ये केले. पुढे शहर पसरले, टेकड्यांवर घरे उठली, अळ्यांची शेंगवर्गीय झुडपे गेली. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीनंतर ते कुणाला दिसले नाही. ही स्वतंत्र जात होती, याला ९३ वर्षे जुन्या नमुन्यातील डीएनएवरून २०२१ मध्ये पुष्टी मिळाली. तोवर ती जाऊन सुमारे ८० वर्षे झाली होती.

जात जगातून जाण्याआधी एकेका ठिकाणाहून जाते. नागपुरात हे समजून घ्यायला गोरेवाड्याच्या जंगलापर्यंत जायची गरज नाही, एखाद्या ले-आउटमधला रिकामा प्लॉट पुरे. तिथल्या रुईवर प्लेन टायगर या फुलपाखराची अळी वाढते, कुंपणाच्या चित्रकावर झेब्रा ब्लूची. पायोनियरच्या अळीला वाघाटी लागते. आषाढी द्वादशीला जिच्या फळांची भाजी करतात, तीच ही काटेरी वेल. ‘प्लॉट साफ करून घेतला’ म्हणताना हे सगळे एका दिवसात जाते. त्या जागी हिरवळ आणि शोभेची फुले लावली तर फुलपाखरे मधाला येतील, पण अंडी घालायला नाही. राज्याने २०१५ मध्ये ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला. वाघाटीच्या वाट्याला अजून विळाच येतो.

लाइम बटरफ्लायचे मात्र माणसाच्या शेजारी बरे चालते. अंगणातल्या गोडलिंबाच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे काही दिसले, तर काडीने हलकेच डिवचून पाहावे: ती या फुलपाखराची कोवळी अळी असेल, तर डोक्यामागून दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. संत्र्याच्या रोपवाटिकेत हीच अळी कीड ठरते आणि तिच्यावर फवारणी होते.