डूम : समीक्षकांचे स्वागत आणि मुंबईतला खेळ

डूम हा टेक्ससमधील इड सॉफ्टवेअर या कंपनीने १० डिसेंबर १९९३ रोजी काढलेला फर्स्ट-पर्सन शूटर (खेळाडूच्या डोळ्यांतून दिसणारा गोळीबाराचा खेळ) प्रकारातला संगणक गेम. इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्रॅम, जॉन कारमॅकचे. लेव्हल प्रामुख्याने जॉन रोमेरो आणि सँडी पीटरसन यांच्या. नऊ लेव्हलचा पहिला भाग शेअरवेअर म्हणून फुकट वाटायचा आणि पुढचे दोन भाग पैसे भरून मागवायचे, अशी विक्रीची पद्धत होती. समीक्षकांनी या गेमला डोक्यावर घेतले. तरीही त्याचे कोणतेही जुने परीक्षण वाचताना दोन गोष्टी आधी तपासाव्यात: परीक्षकाचे मशीन कोणते होते, आणि तो एकटा खेळला की चौघांत. डूमविषयीचे बहुतेक मतभेद याच दोन प्रश्नांपाशी सुटतात.

पहिली परीक्षणे

कौतुकाचा मोठा वाटा वेगाला आणि प्रकाशाला गेला. इडच्याच १९९२ च्या वुल्फेनस्टाइन थ्रीडीमध्ये सगळ्या भिंती एकाच उंचीच्या, काटकोनात आणि एकसारख्या उजेडात होत्या. डूममध्ये जिने आले, तिरक्या भिंती आल्या, खाली-वर सरकणाऱ्या फरशा आल्या आणि अंतराबरोबर दाटत जाणारा अंधार आला. दुसऱ्या लेव्हलमधल्या लुकलुकत्या दिव्यांच्या भुलभुलैयात हे सगळे एकत्र दिसते. दिवा लागतो तेवढ्या क्षणात समोरच्या वळणावरचा राक्षस दिसतो, दिवा जातो, आणि गुरगुर डाव्या स्पीकरमधून येते की उजव्या, यावरून बंदूक वळवावी लागते. साउंड कार्ड नसलेल्या पीसीवर हा प्रसंग निम्मा उरतो.

सर्वांत गाजलेले नाराज परीक्षण ब्रिटनच्या एज मासिकाचे, एप्रिल १९९४ च्या अंकातले. त्यांनी १० पैकी ७ गुण दिले. दिसेल त्याला गोळी घालण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही, या प्राण्यांशी बोलता आले असते, दोस्ती करता आली असती तर मजा आली असती, असा त्यांचा सूर होता. या परीक्षणाची पुढे बरीच टिंगल झाली, ती अन्यायाची आहे. एकट्याने सत्तावीस लेव्हल सलग खेळल्यावर येणारा तोचतोचपणा खरा आहे आणि तिसऱ्या भागात तो जास्तच जाणवतो. मात्र चार मशीन जोडून खेळलेला डूम आणि लोकांनी स्वतः बनवलेल्या लेव्हल या गोष्टी सात गुणांच्या हिशेबात जेमतेम येतात, आणि गेम टिकला तो त्यांच्याच जोरावर.

हिंसेचा वाद समांतर चालू होता. अमेरिकी सिनेटमध्ये व्हिडिओ गेममधील हिंसेवर सुनावणी झाली ती ९ डिसेंबर १९९३ ला, डूम येण्याच्या आदल्या दिवशी. त्या दबावातून १९९४ मध्ये वयोगट ठरवणारी ईएसआरबी ही संस्था उभी राहिली. जर्मनीने त्याच वर्षी डूमला अल्पवयीनांसाठी निषिद्ध गेमच्या यादीत टाकले आणि २०११ मध्ये त्यातून काढले.

मुंबईत गेम कसा पोचला

गेम प्रथम ठेवला गेला तो विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एफटीपी सर्व्हरवर, म्हणजे नेटवरून फाइली उतरवून घेता येणाऱ्या संगणकावर. मुंबईत त्या काळी आंतरराष्ट्रीय जोडणी होती ती इर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या नेटवर्कमधून, पवईची आयआयटी आणि जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था यांसारख्यांकडे. सर्वसामान्यांसाठी व्हीएसएनएलची इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. ९.६ केबीपीएसच्या मोडेमवर सव्वादोन एमबीच्या आसपासची शेअरवेअर फाइल उतरवायला अर्धा तास पुरत नसे, आणि लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे डूम इथे पसरला तो १.४४ एमबीच्या दोन फ्लॉप्यांवर, पुढे लॅमिंग्टन रोड आणि फोर्टच्या फुटपाथवर मिळणाऱ्या नकली सीड्यांवर. पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी धरते. दुसऱ्या फ्लॉपीवरचा एक सेक्टर गेला तरी इन्स्टॉलेशन शेवटच्या टप्प्यात अडकते, कारण दोन्ही फ्लॉप्यांवरचे तुकडे जोडूनच पूर्ण फाइल तयार होते. शेअरवेअरला आणखी एक बंधन होते: बाहेरच्या लेव्हलची फाइल दिली की गेम 'रजिस्टर करा' म्हणून बंद पडे. ज्यांच्याकडे फक्त फुकटचा भाग होता, त्यांना लोकांच्या लेव्हलचे जग दिसलेच नाही.

मशीन आणि मत

किमान गरज ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी रॅमची. त्यात गेम सुरू होतो, पण धड चालत नाही. इंजिन सेकंदाला ३५ चित्रांपर्यंत जाते. तो वेग जवळपास गाठायला ४८६ डीएक्स२, ६६ मेगाहर्ट्झ आणि व्हीएलबी (त्या काळची वेगवान जोडणी) ग्राफिक कार्ड लागते. ३८६ वाल्यांचा इलाज म्हणजे एफ५ दाबून लो डीटेल करायचे आणि वजाचे बटण दाबत चित्राची चौकट लहान करायची. असे केले की हालचाल सुधारते, पण लांबचा राक्षस तीन-चार ठिपक्यांचा होतो आणि वर सांगितलेल्या अंधाराची सारी करामत वाया जाते. साउंड ब्लास्टर या साउंड कार्डाने पीसीशी कोणत्या क्रमांकांवर बोलायचे ते सांगावे लागते: पोर्ट २२०, आयआरक्यू ५ किंवा ७ आणि डीएमए १ ही नेहमीची मांडणी. आयआरक्यू चुकला, किंवा प्रिंटर पोर्टच्या ७ शी भिडला, तर आवाज तुटतो किंवा मशीन अडकते.

नेटवर्क

नॉव्हेल नेटवेअर ही नेटवर्क प्रणाली शिकवणाऱ्या कॉम्प्युटर क्लासची लॅब चौघांच्या डेथमॅचला (एकमेकांना मारण्याच्या डावाला) आयती असे. एलएसएल, मग नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, मग आयपीएक्सओडीआय या क्रमाने नेटवर्कच्या फाइली चढवायच्या आणि चारही मशीनवर गेमच्या आयपीएक्ससेटअप या प्रोग्रॅमला नोड्स ४, म्हणजे चार मशीन, असे सांगायचे. मशीन एकमेकांना दिसत नसतील तर बहुधा नेट डॉट सीएफजी या सेटिंगच्या फाइलीमधला फ्रेमचा (माहिती पाठवण्याच्या साच्याचा) प्रकार जुळत नसतो: एकीकडे ८०२.२, दुसरीकडे ८०२.३. मशीन एका ओळीत जोडणाऱ्या कोॲक्स केबलच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर (टोक बंद करणारी टोपणे) हवेत. त्यातला एक ढिला झाला तरी सगळी ओळच बंद पडते.

डूममध्ये मध्यवर्ती सर्व्हर नाही. प्रत्येक मशीन फक्त बटणांच्या हालचाली पाठवते आणि पूर्ण खेळ स्वतःच्या डोक्यात चालवते. म्हणून सर्वांत मंद मशीनच्या वेगाने चौघांना खेळावे लागते, आणि फाइलींमध्ये फरक असेल तर थोड्या वेळाने 'कन्सिस्टन्सी फेल्युअर' येऊन डाव मोडतो. सुरुवातीच्या आवृत्त्या पॅकेट (माहितीचे तुकडे) नेटवर्कवरच्या प्रत्येक मशीनकडे टाकत, त्यामुळे अमेरिकेत कार्यालये आणि विद्यापीठे यांची नेटवर्क तुंबली व गेमवर बंदी आली. फेब्रुवारी १९९४ च्या १.२ आवृत्तीने हे सुधारले. त्याआधी आणि त्यानंतर लिहिलेली नेटवर्कविषयीची मते एकाच मापाने मोजू नयेत.

कन्सोल आणि पुढचे मूल्यमापन

कन्सोलवरच्या (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रांवरच्या) आवृत्त्यांना एकाच दर्जाची दाद मिळाली नाही, आणि ते योग्यच होते. १९९४ च्या जॅग्वारवर खेळताना संगीत नाही. १९९५ च्या सुपर निन्टेंडोवर फरशी आणि छत सपाट रंगाचे, राक्षसांचे तोंड कायम खेळणाऱ्याकडे. प्लेस्टेशनवर मात्र रंगीत प्रकाश आणि ऑब्री हॉजेसचे दबके, घाबरवणारे ध्वनी आले, आणि ती आवृत्ती मूळच्या बरोबरीची मानली जाते. १९९६ ची थ्रीडीओ आवृत्ती संथपणामुळे पडली.

कम्प्युटर गेमिंग वर्ल्डने १९९६ मध्ये डूमला सार्वकालिक यादीत पाचवा क्रमांक दिला. गेमस्पायने २००१ मध्ये शंभराहून अधिक गेमकर्ते आणि पत्रकारांकडून घेतलेल्या कौलात तो पहिला आला. २०१५ मध्ये रोचेस्टरच्या वर्ल्ड व्हिडिओ गेम हॉल ऑफ फेममधल्या पहिल्या सहा गेममध्ये त्याची निवड झाली. डिसेंबर १९९७ मध्ये सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) सर्वांसाठी खुला केल्याचा या पुनर्मूल्यांकनात मोठा हात आहे.

आज पडताळायचे असेल तर

उंच रिझोल्यूशन आणि वर-खाली माऊसने नेम धरू देणाऱ्या नव्या इंजिनांवर खेळून १९९४ च्या परीक्षणांवर मत बनवू नये; मूळ गेममध्ये उभा नेम संगणक स्वतः धरतो आणि राक्षसांची मांडणी त्याच हिशेबाने केलेली आहे. चॉकलेट डूम हे मूळ गेमला धरून चालणारे इंजिन ३२० बाय २०० ठिपके आणि ३५ चित्रांची मर्यादा पाळते. जुना डॉस पीसी आजच्या मशीनवर उभा करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये सायकल्स (वेगाचा आकडा) सुमारे ६,००० ठेवल्या तर ३३ मेगाहर्ट्झचा ३८६ मिळतो, सुमारे २४,००० ला ४८६ डीएक्स२. पहिली लेव्हल दोन्हींवर लागोपाठ खेळावी. चौघांसाठी डॉसबॉक्सच्या सेटिंगमध्ये आयपीएक्स (डूम ज्या नेटवर्क पद्धतीने बोलतो ती) चालू करून एकाने आयपीएक्सनेटचा सर्व्हर उघडायचा, बाकीच्यांनी त्याच्या आयपी पत्त्यावर जोडायचे. जोडणी होत नसेल तर यूडीपी पोर्ट २१३ फायरवॉलने अडवला आहे का ते पाहावे. कॅफे किंवा हॉस्टेलच्या वाय-फायवर लॅपटॉप एकमेकांना दिसू न देण्याची व्यवस्था बऱ्याचदा चालू असते. तिथे एखाद्या मोबाइलचा हॉटस्पॉट बहुतेक वेळा काम भागवतो.